केरबाचं वय

‘ताई, माझा बाप माझ्याहून ल्हान दिसतोय,’ बिभीषण म्हणाला, आणि माऊसवरचा माझा हात थांबला. तक्रारीचा सूर नव्हता त्याचा. चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं त्याने सांगितलं आणि पुन्हा स्क्रीनकडे बघत बसला. स्क्रीनवर मी नुकताच जमवलेला जोडफोटो होता. जोडफोटो हा आमच्या धंद्यातला जुना प्रकार. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालेलाच नसतो, मग त्याचा एकीकडचा आणि तिचा दुसरीकडचा घेऊन दोघांना एका पडद्यासमोर बसवायचं. बाबा हे काम कात्रीने आणि ब्रशने करायचे, मी कॉम्प्युटरवर करते. मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा स्टुडिओ तेव्हापासूनचा आहे, पाटी तेवढी तीनदा बदलली. बिभीषण चिकलठाण्याला एका कंपनीत कामाला आहे. तिकडेच मागच्या वस्तीत त्याने दोन खोल्या बांधल्या, रविवारी वास्तुशांत आहे, आणि दारातून आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर आईबापाचा जोडफोटो दिसला पाहिजे ही त्याची इच्छा. बापाचा, म्हणजे केरबाचा, एकच फोटो घरात होता. तळहाताएवढा, काळापांढरा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला. पाचोडकडचा पंचविशीतला पोरगा, केस पाण्याने चापून बसवलेले, डाव्या भुवईत जखमेची खाच. बिभीषण पाळण्यात असतानाच तो गोदाकाठाला मेंढरं घेऊन गेलेला असताना वीज पडून गेला. आई सुगंधाबाई साठी ओलांडलेल्या, त्यांचा फोटो बिभीषणने नव्या घराच्या फाटकात मोबाइलवर काढलेला. दोघांना शेजारी बसवलं तर माय-लेकरू दिसत होतं. आणि ज्याने ऑर्डर दिली तो लेक कानशिलं पांढरी झालेला. ‘पावने इचारतील, ह्यो धाकला भाऊ का तुमचा? काय सांगावं?’ तो म्हणाला. ‘आता ते एआय का काय आलंय म्हनं. त्याच्यानं आबाचं वय वाढवून द्या. आयेला शोभंल एवढं.’ आबा म्हणताना तो थोडा अडखळला. हा शब्द त्याने आयुष्यात कोणाला हाक मारायला वापरला नसावा.

करून देते म्हणाले आणि तो गेल्यावर शटर अर्धं ओढून बसून राहिले. काम अवघड होतं म्हणून नव्हे. माझा बापही माझ्याहून लहान आहे, हे मला त्या माणसाने नकळत सांगितलं होतं. बाबा गेले तेव्हा ते चाळिशीच्या आत होते आणि मी शाळेत. त्यांना मी कधी ओलांडलं तो दिवस मला माहीत नाही. काढता आला असता, पण मी तो हिशेब कधी केला नाही. आमच्याकडे वडिलांना अहो म्हणायची पद्धत, त्यामुळे बैठकीतल्या फोटोकडे बघून मी अजून मनात ‘अहो बाबा’ म्हणते. लग्न ठरलं तेव्हा म्हटलं, आईचं ऑपरेशन होतं तेव्हा म्हटलं, स्टुडिओ बंद करून नोकरी धरावी का तेव्हा तर आठवडाभर म्हणत होते. पूर्वी त्या फोटोतून काहीतरी यायचं. उत्तर नव्हे, पण एक मोठं माणूस आपलं ऐकून घेतंय एवढं यायचं. अलीकडे येत नाही. फोटोत एक तरणा गृहस्थ दिसतो, उत्साही, जरा हडकुळा, आणि मलाच वाटतं की त्याला सांगावं, अरे, उन्हातान्हात स्कूटरवर हिंडू नकोस, छातीत दुखलं तर पित्त म्हणून सोडून देऊ नकोस. माझ्या अंगावरून कोणीतरी शाल काढून घेतली असावी असं मला त्या दुपारी वाटलं, आणि दुपार तर चांगली उकाड्याची होती.

रात्री जेवताना मिहिरला सांगितलं. मिहिर माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्याचं बोलणं बहुतेक वेळा बरोबर असतं. त्याचाच त्रास होतो. ‘आधी तुझी गरज ठरव,’ तो म्हणाला. ‘चित्रं काढणारी एआय आता पायलीला पन्नास आहेत. कोणी जाहिरातीला चांगलं, कोणी देखाव्याला, कोणी चेहरा न बदलता बाकीचं बदलायला. सगळ्यात चांगलं कुठलं, हा प्रश्नच चुकीचा.’ पानावरून उठायच्या आत त्याने मला कुठलासा लेख पाठवलासुद्धा. त्यात तक्ता होता, बरोबरच्या खुणा होत्या, शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं, गरजेनुसार निवडा. मी तो लेख दोनदा वाचला. गरज कोणाची, हे काही त्यात दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तीन यंत्रं घेऊन बसले. पहिल्याला मी मनातल्या मनात पुण्याची मावशी म्हणायला लागले, कारण तिच्या दृष्टीने जगात सावळा माणूस हा बिचारा असतो आणि त्याचं काहीतरी भलं केलं पाहिजे. केरबाचा फोटो दिला, याला साठीचा कर म्हणून सांगितलं, तर तिने त्याला गोरा केला, रेशमी झब्बा घातला, मागे झुंबर टांगलं. सुटीवर आलेला कर्नल दिसत होता. तिलाच मी सुगंधाबाईंचा फोटो देऊन उलटं सांगून बघितलं, बाईंना विशीतलं कर. तर तिने हिरवा चुडा, मोठी नथ आणि कपाळभर कुंकू अशी एक नवरी काढून दिली. सुगंधाबाईंच्या कपाळावर त्यांच्या विशीनंतर कुंकू लागलं नव्हतं, पण तिला काय त्याचं. दुसरं यंत्र होतं कवी मनाचं. त्याला पाचोडकडचा मेंढपाळ म्हटलं की मावळतीचा सूर्य, धूळ, मेंढरांचा कळप सगळं झोकात यायचं आणि मधोमध हातभर मिशांचा, लाल पगडीचा भलताच कोणीतरी उभा असायचा, पायाखाली वाळवंट. मी त्याला मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, पैठण तालुक्यात वाळवंट नाही. त्याने वाळवंट पुसून टाकलं आणि उंट ठेवला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशातली गत. तिसरं यंत्र दिसायला गरीब होतं. रंग मळके, काम सावकाश, आणि एका वेळी एकच गोष्ट कळायची. पण चेहरा सोडत नव्हतं. कानाची पाळी जशी होती तशी, भुवईतली खाच तिथेच, पुढचा एक दात किंचित दुसऱ्यावर चढलेला, तोही तसाच. लेखातल्या तक्त्यात ते खालून दुसरं होतं. मी ते निवडलं.

त्याला एकदम साठ म्हटलं तर ते गोंधळायचं, म्हणून मी केरबाला थोडं थोडं मोठं करत गेले. आधी तिशीचा. गाल भरले, मान रुंद झाली. मग पस्तिशीचा, डोळ्यांखाली उन्हाच्या रेघा. हे काम करताना मी एरवी गाणी लावते, त्या दिवशी लावली नाहीत. हा माणूस जी वर्षं जगलाच नाही ती मी त्याला एकेक करून देत होते आणि तो ती मुकाट घेत होता, नको म्हणत नव्हता. चाळिशीच्या केरबापाशी मी उठून पाणी पिऊन आले, कारण स्क्रीनवर बिभीषण बसला होता. तोच थकलेला, भला चेहरा, शिफ्ट संपवून आल्यासारखा. मग केस पांढरे झाले, गाल बसले, खालचा ओठ जरा लोंबला, आणि संध्याकाळच्या सुमाराला साठीचा केरबा तयार झाला. पांढरा पटका, पांढरी पैरण, डोळ्यांत बारीक दटावणी. बाहेर स्टेशनात गाडी लागल्याची गडबड ऐकू येत होती, माणसं तिकडे पळत होती. मी त्याच्याकडे बघत बसले. बरा झाला होता माणूस. कोणाच्याही ओसरीवर बसवावा असा.

आणि मग जे करायचं मनात होतं ते मी केलं. बाबांचा फोटो दिला आणि त्यांनाही तसंच चढवत नेलं. वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. सत्तरीचे बाबा आले तेव्हा मला हसू आलं, कारण त्यांना टक्कल पडलं होतं आणि ते त्यांना अजिबात आवडलं नसतं. जाड काचांचा चष्मा मी दिला नव्हता, यंत्राने आपणहून दिला. मी ‘अहो बाबा’ म्हटलं, तोंडाने म्हटलं, दुकानात कोणी नव्हतं. मग त्यांना सगळं सांगत गेले. मिहिरशी माझं कसं चाललंय, आई आता एकच गोष्ट चारदा विचारते, लोक मोबाइलवर फोटो काढतात म्हणून गिऱ्हाईक कसं आटलं. ते माझ्याहून मोठे होते आणि ऐकत होते. किती बरं वाटलं ते काय सांगू. दुधाची तहान ताकावर, पण ताक थंडगार होतं. घरी आल्यावर भिंतीवरच्या फोटोकडे मी बघितलं नाही. त्या हडकुळ्या तरुणाला काय वाटलं असेल असा एक वेडा विचार तेवढा येऊन गेला. एवढं मात्र मनात पक्कं झालं की बिभीषण मागतोय ते बरोबर मागतोय. बाप मोठा असला पाहिजे. निदान आपल्याहून तरी.

शुक्रवारी बिभीषणने फोटो बघितला. खुर्ची पुढे ओढून पुन्हा बघितला. नंतर म्हणाला, ‘आता बापावानी वाटतंय.’ स्क्रीनला हात लावू का विचारलं आणि न लावताच मागे घेतला. ‘डोळं लई कडक हायेत बगा. ह्यानं मला शाळा सोडू दिली नसती.’ फ्रेम कुठली, काच की अ‍ॅक्रिलिक, हार लावायचा तर आबांच्या बाजूलाच तेवढा, जित्या माणसाला हार चालत नाय, असं सगळं तो भराभर बोलत राहिला. निघताना म्हणाला, छापायच्या आत आयेला एकदा दाखवावा, उद्या घेऊन येतो. मी म्हटलं, अवश्य आणा. त्या रडतील असं माझ्या डोक्यात होतं आणि मी त्यांना पाणी द्यायला नवा ग्लास धुऊन ठेवला होता.

शनिवारी सकाळी त्या आल्या. ठेंगण्या, काटक, गुलाबी जाड लुगड्यात, पदर डोईवर घट्ट. खुर्चीत बसा म्हटल्यावर कडेला टेकल्या. ‘लई तरास दिला म्हनं पोरानं तुमाला,’ म्हणाल्या. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. स्क्रीनवर त्या होत्या आणि शेजारी साठीचा केरबा. मग सुगंधाबाई उठून उभ्या राहिल्या, पदर कपाळावरून थेट नाकापर्यंत ओढला, अंग चोरून बाजूला सरकल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं चक्कर आली. ग्लास घेऊन पुढे झाले तर त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितलं.

‘आये, काय झालं?’ बिभीषण म्हणाला.

‘मामंजी हायेत ते,’ त्या पदराआडून हळू म्हणाल्या.

‘कोन आज्जा? आगं नाय, आबा हायेत आये. मशिनीनं वय वाढवलंय फकस्त.’

‘वय वाढलं म्हंजी मामंजीच व्हनार की. लेक बापावानीच दिसनार, दुसऱ्या कुनावानी दिसंल? तसंच बगायचे. तसाच व्हट.’ त्या अजून भिंतीशीच बोलत होत्या. ‘म्या त्यांच्या म्होरं कदी बाजंवर बसले नाय, पायतान घालून गेले नाय. अन् फोटूत शेजारी बसू? घरात शिरल्या शिरल्या समद्यांला दिसंल असं? लाज वाटत नाय का तुमा लोकांला?’

मी पटकन फोटो बंद केला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या माझ्या. दुसरी यंत्रं चुकली तेव्हा मी त्यांना हसले होते, आणि हे तिसरं एका केसाचीही चूक न करता नेमकं सासऱ्यापाशी जाऊन पोहोचलं होतं. जितकं खरं, तितकं नको झालेलं. सुनेने ज्याच्यासमोर आयुष्यभर मान वर केली नाही त्या माणसाला मी तिचा नवरा म्हणून तिच्या शेजारी बसवलं होतं, आणि वर ग्लास धुऊन ठेवला होता. काहीतरी सावरायचं म्हणून मी घाईघाईने ती दुसरी, विशीतली सुगंधाबाई उघडली आणि पंचविशीतल्या केरबाच्या शेजारी ठेवली. ‘मावशी, हे बघा, नाहीतर असं करता येईल. तुम्हीच आहात या, तरुणपणीच्या.’ त्यांनी पदर थोडा वर केला आणि नथवाल्या नवरीकडे नीट बघितलं. मग त्यांना हसू फुटलं, चांगलं पोट धरून. ‘ही कोन बया? समदा जलम म्या एकटीनं काढला, अन् फोटूत बसायच्या टायमाला सवत?’

बिभीषण हसला नाही. तो स्टुलावर बसून दोन्ही हातांनी गुडघे चोळत होता. ‘मंग म्या काय तो तरनाच लावायचा का?’ तो म्हणाला. ‘माज्या पोरापरीस चार-पाच वरसांनी थोर असंल तो. मला बाप दिसू द्या ना एकदा. समद्यांचे बाप म्हातारे झाले, मेले, पर म्हातारे तर झाले.’ आवाज फुटला त्याचा. मी त्याच्या बाजूची होते. मला सुगंधाबाईंना सांगावंसं वाटलं की मावशी, लेकरांनाही बाप लागतो हो, मोठा झालेला बाप, त्याला एवढं तरी मिळू दे. पण मी तोंड उघडायच्या आत त्या त्याच्याजवळ गेल्या होत्या.

‘तुला बाप भेटला व्हता रं,’ त्या म्हणाल्या. ‘तुला ठावं नाय म्हून काय भेटला नाय व्हय? नवीन कोकरू धरावं तसा काखंत धरून हिंडवायचा तुला. म्या म्हनायची, पाडताल. नाय पाडला. तवा तो एवढाच व्हता, त्या फोटूतल्या एवढा. तेवढाच बाप आला तुज्या वाट्याला. आता हा दुसरा म्हातारा आनून बसवला तर तो कुठं जाईल?’

माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक टकल्या, चष्मेवाला, सत्तरीचा माणूस होता, माझं सगळं ऐकून घेणारा, आणि गेले तीन दिवस माझे बाबा कसे हसायचे हे आठवायला गेलं की तोच समोर येत होता. हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. कळलं तेव्हा भीती नाही वाटली, फक्त घरच्या भिंतीवरच्या त्या हडकुळ्या माणसाची फार माया आली. बिचारा बापासारखा दिसायच्या आतच बाप झाला होता. स्कूटरवर पुढे उभं करून मला कॅन्टोन्मेंटच्या चढावर न्यायचा आणि उतारावर इंजिन बंद करायचा, दोघं ओरडायचो. म्हाताऱ्या माणसाने असलं काही केलं नसतं.

सुगंधाबाईंनी मूळ फोटो मागितला. मी तो पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला.

‘पाचोडच्या बाजारात काढलाय ह्यो,’ त्या मला म्हणाल्या. ‘कोकरं इकाया गेले व्हते. फोटूवाल्यानं पटका काढायला लावला, सोताची फनी दिली इंचरायला. घरी आले अन् दावला मला. म्या म्हनलं, एकलंच काढून आले? मला न्यायला काय झालं व्हतं? तर म्हनले, फुडल्या बाजाराला दोगं काढू.’ त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला. ‘मंग फुडला बाजार झालाच नाय आमचा.’

फोटो त्यांनी माझ्या हातात परत दिला. ‘त्यांला हाय तसंच राहू द्या, बाई. तरनंच. अन् माजा ह्यो फाटकातला नका घेऊ, त्यात म्या गवंड्याकडं बगतीय. नीट दुसरा काढा. इथं निघंल ना?’

मागच्या खोलीत बाबांच्या वेळेपासूनचं लाकडी बाक आहे, पडद्यासमोर. फार दिवसांत कोणी तिथे बसून फोटो काढला नव्हता, त्यावरचे फ्रेमचे गठ्ठे मी उचलले, फडक्याने पुसलं, दिवे लावले. बिभीषण आमच्या मागून आत आला, हातातलं हेल्मेट त्याने बाकावर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सुगंधाबाई बाकावर बसल्या. पदर कपाळावरून मागे अंबाड्यापर्यंत त्यांनी स्वतःच नेला, पांढरे केस दोन्ही हातांनी दाबून बसवले. मी विचारलं, ‘मावशी, लोक आई-मुलगा म्हणतील, चालेल तुम्हाला?’

‘म्हनू द्या. त्यांनी बोलावलं व्हतं, मलाच यायला उशीर झाला. बाजार उठायच्या वक्ताला पोचले म्हनायचं,’ त्या म्हणाल्या, आणि बायकोने बसावं तशा डावीकडे सरकून त्यांनी आपल्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा केली. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. बिभीषण भिंतीपासून पुढे आला आणि त्या जागेवरचं आपलं हेल्मेट त्याने उचलून घेतलं.